बंदिवान सरदार : सर टॉमस मॅलरीचे जीवन आणि त्याचा ग्रंथ

शूर सरदार, त्यांचे प्रेम आणि त्यांची प्रतिष्ठा यांभोवती गुंफलेल्या अद्भुतरम्य कथांची जी परंपरा बाराव्या शतकात फ्रान्समध्ये उदयास आली, तिचा इंग्रजी भाषेतील सर्वांत मोठा आणि एका अर्थाने अखेरचा ग्रंथ म्हणून ‘ल मोर्त दार्थर’चा निर्देश करावा लागतो. आर्थर राजा आणि त्याची गोलमेज, लॅन्सलॉट व राणी ग्विनिव्हिअर यांचे प्रेम, पवित्र ग्रेलचा शोध आणि अखेरीस त्या साऱ्या वैभवाचा झालेला नाश, ही कथा आज ज्या स्वरूपात सर्वपरिचित आहे ते स्वरूप तिला मुख्यतः या ग्रंथाने दिले. ग्रंथाचा कर्ता सर टॉमस मॅलरी. शरणागताला अभय, दुर्बलांचे रक्षण, स्त्रीदाक्षिण्य आणि दिलेल्या वचनाचे पालन ही या ग्रंथातील आदर्शाची प्रमुख अंगे होत. कर्त्याच्या जीवनाविषयी जे कागद उपलब्ध आहेत ते मात्र बहुतांशी फौजदारी न्यायालयांचे असून, खुनाच्या हेतूने दबा धरणे, खंडणी, गुरे पळविणे, मठाची लूट आणि बलात्कार अशा आरोपांनी ते भरलेले आहेत.

भारतीय भाषांतील मध्ययुगीन वाङ्मयाच्या अभ्यासकाला याच्या नेमकी उलट अडचण परिचित आहे. आपल्या संतकवींची चरित्रे भक्तिभावाने लिहिली गेली. महिपतीचा ‘भक्तविजय’ १७६२ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा ज्ञानेश्वर-नामदेवांचा काळ लोटून चार शतकांहून अधिक वर्षे झाली होती. तेथे चमत्कारांच्या आड दडलेला माणूस शोधावा लागतो. मॅलरीच्या बाबतीत आरोपपत्रांच्या आड दडलेला ग्रंथकार शोधावा लागतो. लेखकाने जगलेले आयुष्य आणि त्याने ग्रंथात उभा केलेला आदर्श यांचा संबंध कसा लावावयाचा, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. मॅलरीच्या चरित्रात तो अधिक कठोरपणे उभा राहतो, एवढेच.

१

प्रथम परंपरेविषयी थोडे. ‘नाइट’ या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेतील शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येत असे, व सरकारी घोड्यावर बसणाऱ्या बारगिराहून त्याचा मान वेगळा असे. या बाजूने पाहता तो नाइटला बराच जवळचा ठरेल. परंतु नाइटच्या भोवती चर्चने आणि राजदरबारांनी मिळून दीक्षाविधी, शपथा, वंशचिन्हे आणि दाक्षिण्याचे नियम यांची जी एक आचारसंहिता उभारली, तिला समांतर अशी गोष्ट शिलेदारीत आढळत नाही. अद्भुतरम्य कथा ही या आचारसंहितेची वाङ्मयीन बाजू होय.

आर्थरला दिग्विजयी सम्राटाचे रूप दिले ते जेफ्री ऑफ मॉनमथ याने, ११३६ च्या सुमारास लॅटिनमध्ये रचलेल्या ब्रिटनच्या राजांच्या इतिहासात. ११५५ मध्ये वास याने ती कथा फ्रेंच पद्यात आणली आणि तीत गोलमेजेचा उल्लेख प्रथम आला. पुढच्या पिढीतील क्रेतियाँ द त्रुआ या कवीने युद्धाच्या जागी प्रेमाला केंद्रस्थान दिले. राणीचा प्रियकर म्हणून लॅन्सलॉट प्रथम अवतरतो तो त्याच्याच काव्यात, आणि ग्रेलही प्रथम त्याच्याच अपूर्ण काव्यात दिसते. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रेंच गद्यात या सर्व कथांचे एक प्रचंड चक्र रचले गेले. स्वामीची निष्ठा, प्रेयसीची निष्ठा आणि ईश्वराची निष्ठा या तीन निष्ठा एकाच वीराला एकाच वेळी पाळता येतील काय, हा पेच या चक्राच्या गाभ्याशी आहे. लॅन्सलॉट पृथ्वीवरील सर्वश्रेष्ठ वीर, तरीही ग्रेलच्या शोधात तो अपयशी ठरतो. यश मिळते ते त्याचा निष्पाप पुत्र गॅलहॅड याला. मॅलरीच्या हाती ही परंपरा आली तेव्हा तिचे वय तीनशे वर्षांचे होते, आणि तिच्या आदर्शाला पडलेली भेग तिनेच दाखवून ठेवलेली होती.

२

पंधराव्या शतकात टॉमस मॅलरी या नावाच्या एकाहून अधिक व्यक्ती इंग्लंडमध्ये होत्या. वॉरिकशर परगण्यातील न्यूबोल्ड रेव्हेल येथील नाइट हाच ग्रंथकर्ता, असे प्रतिपादन अमेरिकन पंडित जॉर्ज लायमन किट्रिज यांनी १८९० नंतरच्या दशकात केले. त्या वेळी हा मॅलरी एक प्रतिष्ठित जमीनदार आणि पार्लमेंटचा सभासद एवढाच ज्ञात होता, त्यामुळे ग्रंथ आणि ग्रंथकार यांचा मेळ सुखाने बसत होता. १९२८ मध्ये एडवर्ड हिक्स यांनी न्यायालयीन दप्तरांतून त्याच्यावरील आरोप उजेडात आणले. १९३३ मध्ये ए. सी. बॉ यांनी त्यांत आणखी भर घातली. त्यानंतर दुसरा एखादा मॅलरी सापडतो काय याचा शोध सुरू झाला. १९६६ मध्ये विल्यम मॅथ्यूज यांनी ग्रंथाची बोली आणि वॉरिकशरच्या मॅलरीचे वय यांचा आधार घेऊन यॉर्कशरमधील एका मॅलरीचा पक्ष मांडला. केम्ब्रिजशरच्या एका मॅलरीचा पक्षही पुढे आला. परंतु ग्रंथकर्ता नाइट होता व ग्रंथ संपविताना बंदिवान होता, हे ग्रंथातूनच कळते. या दोन्ही अटी पुऱ्या करणारा माणूस न्यूबोल्ड रेव्हेलचाच. पी. जे. सी. फील्ड यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात सर्व दस्तऐवजांची पुन्हा छाननी करून त्याचा जन्म १४१५ ते १४१८ च्या दरम्यान ठरविला, आणि वयाचा आक्षेपही दूर केला. आज बहुसंख्य अभ्यासक हाच निर्णय स्वीकारतात.

मॅलरीचे घराणे परगण्यात मानाचे होते. पिता जॉन मॅलरी हा पार्लमेंटचा सभासद, शेरीफ आणि जस्टिस ऑफ द पीस अशा पदांवर राहिलेला गृहस्थ. तो १४३३-३४ च्या सुमारास वारला. टॉमस १४४१ पर्यंत नाइट झाला होता. एलिझाबेथ वॉल्श हिच्याशी त्याचा विवाह झाला आणि त्यांना रॉबर्ट नावाचा पुत्र झाला. १४४३ मध्ये एका माणसास मारहाण करून डांबून ठेवल्याची व त्याचा माल लुटल्याची फिर्याद त्याच्यावर झाली, पण ती तेथेच विरली. १४४५ मध्ये वॉरिकशरने त्याला पार्लमेंटवर निवडून पाठविले. तेथपर्यंतचे हे आयुष्य कोणत्याही सुखवस्तू जमीनदाराचे म्हणता येईल.

३

१४५० पासून चित्र एकदम पालटते. ४ जानेवारी १४५० रोजी मॅलरी सव्वीस हत्यारबंद साथीदारांसह कूम मठाच्या रानात बकिंगहॅमचा ड्यूक हम्फ्री स्टॅफर्ड याला मारण्यासाठी दबा धरून बसला, असे आरोपपत्र सांगते. याच सुमारास तो ग्रेट बेडविन या गावातर्फे पार्लमेंटचा सभासद होता, ही गोष्ट त्या काळाच्या विलक्षण अवस्थेवर प्रकाश टाकणारी आहे. मे महिन्यात आणि पुन्हा ऑगस्टमध्ये ह्यू स्मिथ नावाच्या माणसाच्या घरावर त्याने हल्ला केला, दोन्ही वेळा त्याच्या पत्नीवर, जोन स्मिथ हिच्यावर, बलात्कार केला व दुसऱ्या खेपेस चाळीस पौंडांचा ऐवज नेला, असा आरोप आहे. मंक्स कर्बी येथील लोकांकडून धाकदपटशाने पैसे उकळल्याचे आरोप निराळे. जून १४५१ मध्ये सात गाई, दोन वासरे, तीनशे पस्तीस मेंढ्या आणि एक गाडी पळविल्याचा आरोप आला. जुलैमध्ये कॅल्यूडन येथील राखीव शिकारखान्याची नासधूस केल्याचा आरोप त्यामागून आला.

त्याच महिन्यात तो पकडला गेला आणि कोल्सहिल येथे शेरीफच्या ताब्यात ठेवला गेला. दोन दिवसांनी रात्री खंदक पोहून तो निसटला, आणि लगेच कूम मठावर चालून गेला. दरवाजे फोडून पैसे व मौल्यवान वस्तू नेल्या. दुसऱ्या दिवशी शंभरभर माणसे घेऊन तो पुन्हा तेथे आला. ऑगस्ट १४५१ मध्ये नुनीटन येथे आरोपांची चौकशी झाली, तेव्हा न्यायासनावर बसलेल्यांत बकिंगहॅमचा ड्यूक स्वतः होता. ज्याच्या खुनाचा प्रयत्न झाल्याचे सांगितले जाते, तोच न्यायाधीश.

हे आरोप वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पहिली अशी की, सहाव्या हेन्रीच्या दुर्बळ राजवटीत न्यायालय हे सरदारांच्या परस्पर-वैराचे एक हत्यार झाले होते. लँकेस्टर आणि यॉर्क या एकाच राजकुलाच्या दोन शाखांत जी यादवी पुढे तीस वर्षे चालली, तिची पूर्वचिन्हे परगण्यापरगण्यांत दिसू लागली होती, आणि वॉरिकशर हे त्यांतले एक मुख्य रणक्षेत्र होते. बकिंगहॅमच्या विरोधकांशी मॅलरीने संधान बांधले असल्याचे दिसते. तेव्हा काही आरोप फुगविलेले असणे सहज शक्य आहे. दुसरी गोष्ट बलात्काराच्या आरोपाविषयी. त्या काळच्या कायद्यातील लॅटिन शब्द अपहरणालाही लावला जाई, आणि १३८२ च्या एका कायद्यान्वये स्त्रीने संमती दिली असली तरीही तिच्या पतीला वा नातलगांना फिर्याद करता येत असे. यावरून काही चरित्रकारांनी हा आरोप म्हणजे केवळ पळवून नेण्याचा किंवा संमतीच्या संबंधाचा प्रकार असावा असे सुचविले. परंतु आरोपपत्रात शरीरसंबंधाचा उल्लेख स्वतंत्र शब्दांत केलेला आहे, त्यामुळे अपहरणाचे स्पष्टीकरण येथे टिकत नाही. संमतीविषयी जोन स्मिथ हिचे म्हणणे कोणत्याही कागदात उतरलेले नाही. फिर्याद पतीची, बचाव आरोपीचा. तिचे केवळ नाव उरले आहे.

४

१४५२ च्या प्रारंभी मॅलरी लंडनच्या तुरुंगात होता. आपण निर्दोष आहोत असे त्याने न्यायालयास सांगितले आणि आपल्या परगण्यातील पंचांसमोर खटला चालावा अशी मागणी केली. तो खटला कधीही उभा राहिला नाही. पुढील आठ वर्षे तो लडगेट, किंग्ज बेंच, मार्शल्सी, न्यूगेट आणि टॉवर या कैदखान्यांतून फिरत राहिला. मधून मधून जामिनावर सुटका होई. १४५४ मध्ये अशाच एका जामिनाच्या काळात एसेक्समधील घोडेचोरांशी त्याचा संबंध आला आणि त्याची रवानगी कोल्चेस्टरच्या तुरुंगात झाली. तलवारी व खंजिरांच्या बळावर तो तेथूनही निसटला व थोड्याच दिवसांत पुन्हा पकडला गेला. त्याला निसटू दिल्यास तुरुंगाधिकाऱ्यांना जबर दंडाची धमकी देण्यात आली होती. यॉर्कचा ड्यूक राज्याचा संरक्षक असताना मॅलरीला माफीनामा मिळाला, पण १४५६ मध्ये न्यायालयाने तो मानला नाही. या सर्व काळात त्याला कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरविले नाही, आणि निर्दोषही ठरविले नाही.

१४६० मध्ये यॉर्क पक्षाच्या हाती सत्ता आली, तेव्हा तो मोकळा झाला. १४६२ मध्ये चौथ्या एडवर्डकडून त्याला माफी मिळाली, आणि त्याच हिवाळ्यात राजाने उत्तरेकडील अ‍ॅनिक, बॅम्बरा व डन्स्टनबरा या किल्ल्यांना वेढे घातले त्या मोहिमेत त्याचे नाव आढळते. परंतु १४६८ मध्ये राजाने सार्वत्रिक माफी जाहीर केली तीतून काही व्यक्तींना नावे घेऊन वगळले; त्यांत टॉमस मॅलरी हा नाइट होता. १४७० मध्ये पुन्हा तेच झाले. २००० साली उजेडात आलेल्या एका दस्तऐवजावरून १४६९ च्या एप्रिलमध्ये या नावाचा नाइट न्यूगेटमध्ये असल्याचे दिसते. ग्रंथ चौथ्या एडवर्डच्या नवव्या राज्यवर्षात, म्हणजे मार्च १४६९ ते मार्च १४७० या अवधीत संपला असे कर्त्याने स्वतःच नोंदविले आहे, आणि आपल्या सुटकेसाठी वाचकांनी प्रार्थना करावी अशी विनंती केली आहे. पन्नाशी उलटलेल्या एका कैद्याने फ्रेंच भाषेतील अनेक खंड आणि इंग्रजीतील दोन जुनी काव्ये समोर ठेवून हे प्रचंड लेखन केले. न्यूगेटशेजारच्या फ्रान्सिस्कन मठात मोठा ग्रंथसंग्रह होता, त्यातील पुस्तके त्याला मिळत असावीत असे अनुमान काहींनी केले आहे.

५

या ग्रंथात मॅलरीने जे स्वतःचे घातले आहे, त्याकडे आता वळावयास हवे. कारण त्याचे जीवन आणि त्याचे लेखन यांची गाठ तेथेच पडते. आर्थर आपल्या सरदारांकडून दरवर्षी पेंटेकॉस्टच्या सणाला एक शपथ घेववितो. अत्याचार वा खून करू नये, राजद्रोहापासून दूर राहावे, दया मागणाऱ्यास दया द्यावी, स्त्रियांचे व विधवांचे साहाय्य करावे, त्यांचे हक्क बळकट करावेत, त्यांच्यावर कधीही बळजोरी करू नये, आणि ऐहिक लाभासाठी अन्यायाच्या पक्षाने लढू नये, असा तिचा आशय आहे. ही शपथ मॅलरीच्या फ्रेंच आधारग्रंथात नाही. ती त्याने रचून घातली. आरोपपत्रांशी ती ताडून पाहिली, तर तिच्यातील जवळजवळ प्रत्येक कलमाचा भंग केल्याचा आरोप तिच्या कर्त्यावर होता असे दिसून येईल.

यावरून मॅलरी दांभिक होता असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु शपथ ग्रंथात कोणत्या ठिकाणी येते हे पाहिले पाहिजे. आर्थरच्या विवाहप्रसंगी तीन वीर तीन कामगिऱ्यांवर निघतात. गवेन हा पराभूत शत्रूने मागितलेली दया नाकारतो, आणि त्याच्यावर उगारलेला घाव मध्ये पडलेल्या स्त्रीवर बसून तिचा शिरच्छेद होतो. पेलिनोर आपल्या कामगिरीच्या घाईत वाटेत मदत मागणाऱ्या एका स्त्रीकडे पाहतही नाही. ती मरते, आणि ती त्याचीच मुलगी होती हे मागाहून कळते. हे वीर परत आल्यावर शपथ दिली जाते. म्हणजे ही शपथ निष्कलंक वीरांची बिरुदावली म्हणून येत नाही. घडून गेलेल्या अपराधांतून ती निघाली आहे. तिचे प्रत्येक कलम एखाद्या चुकलेल्या कृत्याकडे बोट दाखविते. अशी शपथ रचणाऱ्यास शपथभंग म्हणजे काय हे ठाऊक असले पाहिजे.

दुसरा प्रसंग उत्तरार्धातील. सर उरी नावाचा एक परदेशी सरदार सात जखमांनी जर्जर होऊन आर्थरच्या दरबारात येतो. जगातील सर्वश्रेष्ठ नाइटच्या स्पर्शाने त्या बऱ्या होतील अशी अट आहे. राजासह शंभरांहून अधिक वीर हात लावतात, पण जखमा भरत नाहीत. मॅलरी त्या वीरांची नावे एकामागून एक देत जातो. शेवटी लॅन्सलॉटला पुढे यावे लागते. राणीशी आपला संबंध काय आहे हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तो कचरतो. मनोमन प्रार्थना करून हात लावतो आणि जखमा भरून येतात. सारा दरबार आनंदाने ईश्वराचे आभार मानतो, आणि लॅन्सलॉट लहान मुलासारखा रडू लागतो. या प्रसंगाचाही कोणता आधारग्रंथ सापडलेला नाही. तो मॅलरीचा स्वतःचा मानला जातो. अपराधी माणसाच्या हातूनही खरे पुण्यकृत्य घडू शकते आणि त्यामुळे त्याचा अपराध नाहीसा होत नाही, हे दोन्ही येथे एकाच वेळी सांगितले आहे. लॅन्सलॉटचे अश्रू कृतज्ञतेचे की लज्जेचे, हे मॅलरी उलगडून सांगत नाही.

अखेरचा नाशही बाहेरच्या शत्रूच्या हातून होत नाही. राणीला चितेवरून सोडविताना लॅन्सलॉटच्या तलवारीने निःशस्त्र गॅरेथ मारला जातो, ज्याला त्याने स्वतःच नाइटपद दिलेले असते. गॅरेथचा भाऊ गवेन सूडाला पेटतो. आर्थरला इच्छेविरुद्ध मित्राशी युद्ध करावे लागते. आणि मागे राहिलेला मॉर्ड्रेड, आर्थरचा पापातून जन्मलेला पुत्र, राज्य बळकावतो. शेवटच्या लढाईपूर्वी तहाची बोलणी चालू असता एका सरदाराच्या पायाला साप चावतो. तो सापाला मारण्यासाठी तलवार उपसतो, तिची चमक पाहून दोन्ही सैन्ये एकमेकांवर तुटून पडतात. मौसलपर्वाची आठवण भारतीय वाचकाला येथे झाल्यावाचून राहणार नाही. मॅलरीला मात्र आठवण आपल्या डोळ्यांसमोरच्या इंग्लंडची होती. मॉर्ड्रेड लंडनच्या टॉवरवर तोफा डागतो, हा तपशील पंधराव्या शतकाचाच असू शकतो. नव्याच्या हव्यासाने जुन्या राजाला सोडणाऱ्या इंग्रजांना मॅलरी कथा थांबवून स्वतःच्या आवाजात दोष देतो. लॅन्सलॉटचा जॉयस गार्ड हा किल्ला कोणी अ‍ॅनिकला तर कोणी बॅम्बराला होता असे मानतात, असेही तो नोंदवितो. आणि हे दोन्ही किल्ले १४६२ च्या मोहिमेतले आहेत.

६

१४ मार्च १४७१ रोजी मॅलरी मरण पावला. हद्दपार झालेला चौथा एडवर्ड राज्य परत मिळविण्यासाठी यॉर्कशरच्या किनाऱ्यावर उतरला तो हाच दिवस. न्यूगेटजवळच्या फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चमध्ये मॅलरीचे दफन झाले. थडग्यावरील लेखात मंक्स कर्बीचा शूर नाइट म्हणून त्याचा गौरव होता. पुढे मठ बरखास्त झाल्यावर तेथील थडगी विकली गेली, आणि १६६६ च्या आगीत ते चर्चही जळाले.

विल्यम कॅक्स्टन याने ३१ जुलै १४८५ रोजी वेस्टमिन्स्टर येथे हा ग्रंथ छापून पुरा केला. त्याने त्याचे एकवीस भाग आणि पाचशेंहून अधिक प्रकरणे पाडली. यानंतर तीन आठवड्यांनी बॉसवर्थच्या लढाईत तिसरा रिचर्ड पडला आणि ट्यूडर घराणे सत्तेवर आले. सातव्या हेन्रीने आपल्या पहिल्या पुत्राचे नाव आर्थर ठेवले. सोळाव्या शतकात रॉजर अ‍ॅस्कम याने हत्या आणि व्यभिचार यांचे पुस्तक म्हणून ग्रंथाचा धिक्कार केला. १६३४ नंतर तो जवळजवळ दोन शतके पुन्हा छापला गेला नाही. एकोणिसाव्या शतकात टेनिसनच्या काव्याने त्याला नवे वाचक मिळाले, परंतु त्या वाचकांना हवा होता तो बराचसा शुचिर्भूत आर्थर होता.

१९३४ मध्ये विंचेस्टर कॉलेजच्या ग्रंथालयात वॉल्टर ओकशॉट यांना या ग्रंथाचे एक हस्तलिखित सापडले. दोन लेखनिकांनी लिहिलेल्या या पोथीत पात्रांची नावे तांबड्या शाईने लिहिलेली आहेत. आपल्याला बंदिवान नाइट म्हणवून ईश्वराकडे सुटका मागणारी कर्त्याची जी नोंद कॅक्स्टनच्या आवृत्तीत नव्हती, ती या पोथीत पहिल्या कथेच्या शेवटी मिळाली. या पोथीच्या आधारे ऑजीन व्हिनावेर यांनी १९४७ मध्ये तीन खंडांत नवी संहिता प्रसिद्ध केली. १९७६ मध्ये पोथी ब्रिटिश लायब्ररीने घेतली. तिच्या पानांवर उमटलेल्या छपाईच्या शाईच्या खुणांवरून ती एके काळी कॅक्स्टनच्याच छापखान्यात होती असे लोट्टे हेलिंगा यांनी दाखविले.

शपथेच्या संदर्भात या पोथीचे महत्त्व विशेष आहे. कॅक्स्टनच्या छापील ग्रंथात स्त्रियांना साहाय्य करावे एवढेच कलम आहे. त्यांचे हक्क बळकट करावेत आणि त्यांच्यावर कधीही बळजोरी करू नये, हे शब्द तेथे नाहीत. ते पोथीतच आहेत. म्हणजे साडेचारशे वर्षे वाचकांनी जी शपथ वाचली, तीत साहाय्य करणाऱ्या पुरुषाचे मोठेपण राहिले होते आणि स्त्रीचा हक्क गळाला होता. आणि हे शब्द परत मिळाले ते केव्हा, तर हिक्स व बॉ यांच्या संशोधनाने त्यांच्या कर्त्यावरील बलात्काराचा आरोप प्रकाशात आल्यानंतर अवघ्या काही वर्षांत.

मॅलरीच्या अभ्यासकापुढे दोन सोपे मार्ग आहेत. ग्रंथ थोर आहे म्हणून आरोप खोटे असले पाहिजेत असे म्हणणे हा पहिला. दुसरा मॅलरी शोधण्याच्या खटपटीमागे विद्वत्तेबरोबर ही इच्छाही काही अंशी होती. आरोप आहेत म्हणून ग्रंथातील आदर्श पोकळ ठरविणे हा दुसरा. दोन्ही मार्गांत एक साक्ष ऐकण्यासाठी दुसरी बंद करावी लागते. ग्रंथ स्वतः तसे करीत नाही. त्यातील सर्वांत थोर वीर शपथ मोडतो, त्याची थोरवी खरी असते, आणि त्याच्या अपराधाची किंमत निरपराध माणसे देतात. मॅलरी यांतले काहीही लपवीत नाही. आपल्या नायकाला जी सवलत त्याने दिली नाही, ती त्याला देण्याचे आपल्याला कारण नाही. त्याचे चरित्र लिहिताना न्यूगेटमधील त्याच्या मेजावर जशी दृष्टी ठेवावयाची, तशीच मंक्स कर्बीच्या त्या घरावरही ठेवली पाहिजे, जेथील स्त्रीचे म्हणणे कोणी लिहून घेतले नाही. अद्भुतरम्य कथांची परंपरा शूरांनी आपल्याविषयी काय मानले ते सांगते. न्यायालयाची दप्तरे इतरांनी त्यांच्याविषयी काय सोसले ते सांगतात. मॅलरीच्या बाबतीत हे दोन्ही लेख एकाच माणसाच्या नावावर जमा आहेत, आणि मध्ययुगीन वीरकथेचा अभ्यास करणाऱ्याने ते एकाच वेळी उघडे ठेवून वाचावयास हवेत.